चित्रपुस्तके प्रौढ विभागात का?

समलिंगी जोडप्यांची कुटुंबे दाखवल्याच्या तक्रारीवरून सिंगापूरच्या राष्ट्रीय ग्रंथालय मंडळाने बालविभागातून काढलेली दोन चित्रपुस्तके नष्ट न करता प्रौढ विभागात ठेवण्याचा जुलै २०१४ मधील निर्णय अर्धवट वाटतो. तिसऱ्या पुस्तकाचा तर तोवर लगदा झालाच होता. वाचलेल्या दोहोंपैकी एकात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क प्राणिसंग्रहालयातील दोन नर पेंग्विन रक्षकाने दिलेले अंडे उबवून पिल्लू वाढवतात (आणि ही घटना खरी आहे), तर दुसऱ्यात चीनमधून मुली दत्तक घेणाऱ्या चार घरांपैकी एक घर दोन स्त्रियांचे आहे. ज्या पालकांना हे रुचत नाही, त्यांना ती पुस्तके घरी न नेण्याची मुभा आधीही होतीच. मात्र असेच घर असलेल्या दत्तक मुलीला आता स्वतःच्या गोष्टीसाठी मोठ्यांच्या कपाटापर्यंत जावे लागेल. सिंगापूरच्या माहिती खात्याच्या मंत्रिमहोदयांनी आदेश देऊन ही दोन पुस्तके वाचवली, हे मान्य. पण ती बालविभागातच परत यायला हवीत.

– एक वाचक, पुणे