आवाज वाढवू नका, साउंड चेकला वेळ द्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गणपती आले की थेट दिवाळीपर्यंत तुमच्या वाचकपत्रांच्या पानावर आवाजाची पत्रं सुरू होतात. अर्धे म्हणतात बंद करा हा धिंगाणा, अर्धे म्हणतात वर्षातून चार दिवस सण, तेवढं चालायचंच. मला दोघांचंही थोडं थोडं पटतं, पण तिसरी एक गोष्ट कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहितेय. आपल्या ठाणे-नवी मुंबईत सोसायटीत, मंडळात, कॉलेजात जे लाइव्ह बँड वाजतात त्यांचा आवाज मोठा असतो हे खरंच, पण एवढा मोठा असूनही गाण्याचे शब्द कळत नाहीत, गिटार वाजतेय का नुसती करकर चाललीय तेही कळत नाही, हे जास्त वाईट आहे. आणि ते स्पीकर वाढवून सुधारत नाही, उलट बिघडतं.

मी ऐरोलीला राहते, नोकरी सांभाळून शनिवार-रविवार एका बँडमध्ये बेस गिटार वाजवते. बेसवाल्यांकडे स्टेजवर कोणाचं फारसं लक्ष नसतं, त्यामुळे बाकीचे काय काय करतायत ते आम्हाला निवांत दिसतं.

बिघडायला सुरुवात बहुतेक वेळा गिटारपासून होते (गिटारवाल्यांनी रागावू नये). पोरगा घरी एकटा बसून टोन (गिटारचा आवाज कसा लागावा ते) बनवतो, दार लावलेलं, शेजारी ओरडतील म्हणून आवाज हळू, आणि हळू आवाजात माणसाच्या कानाला खालचा बेस आणि वरचा ट्रेबल कमीच ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी १९३३ सालीच मोजून दाखवलंय. मग तो काय करतो, बेस वाढवतो, ट्रेबल वाढवतो, मिड (मधला पट्टा) पार खाली आणि गेन (आवाज मुद्दाम फाटवायचं, म्हणजे डिस्टॉर्शनचं बटण) फुल. खोलीत एकदम भारी वाटतं. तेच सेटिंग स्टेजवर आणलं की आवाज मोठा झाल्यामुळे बेस घुमायला लागतो, ट्रेबल कानात टोचतो आणि मधे काहीच उरत नाही. त्यात बँडमध्ये खालची जागा आधीच भरलेली असते, बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली तर ४१ हर्ट्झ (सेकंदाला ४१ कंपनं), ड्रमची किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) पण तिथेच आसपास, आणि वरती सिम्बल्सचा, म्हणजे ड्रमच्या झांजांचा छणछणाट. गिटारची जाड तारच मुळात ८२ हर्ट्झला सुरू होते, म्हणजे तिचं खरं काम मधल्या पट्ट्यात, साधारण चारपाचशे हर्ट्झपासून दोन-तीन हजारपर्यंत, आणि नेमकं तेच साहेबांनी कापून टाकलेलं असतं.

पुढचं सगळं ठरलेलं आहे. गिटार ऐकू येत नाही म्हणून तो ॲम्प (गिटारचा स्वतःचा स्पीकरचा डबा) वाढवतो, ॲम्प वाढला म्हणून ड्रमर अजून जोरात मारतो, गायिकेला स्वतःचा आवाज येईना म्हणून ती साउंडवाल्याकडे बघून बोट वर करते, त्याने तिचा मॉनिटर (तिच्याकडे तोंड केलेला स्टेजवरचा स्पीकर) वाढवला की माइक कुंऽऽई करून शिट्टी मारतो, पहिल्या रांगेतल्या आजी कानावर हात ठेवतात आणि शिव्या खातो तो साउंडवाला. त्या बिचाऱ्याने खरं तर काहीच केलेलं नसतं.

म्हणून गिटारवाल्या मित्रांना माझं म्हणणं एवढंच की मिड वर आणा, बेस उतरवा, आणि डिस्टॉर्शनचा गेन घरी ठेवता त्याच्यापेक्षा बराच कमी ठेवा. गेन जास्त असला की हळू वाजवलेला आणि जोरात वाजवलेला सूर एकाच लेव्हलला येऊन चपटा होतो, मग सोलो घेतला तरी तो पुढे येत नाही. मिक्सरवर पण गिटारच्या चॅनलला ८०-१०० हर्ट्झच्या खालचं कापून टाकायला सांगा, तिथे गिटारचं कामाचं काही नसतं, नुसती स्टेजची धडधड असते. एवढं केल्यावर गिटार एकटी ऐकली तर किडकिडीत वाटेल. वाटू दे. बँडमध्ये तीच चांगली लागते, हे एकदा गिटारला लांब वायर लावून प्रेक्षकांत उभं राहून वाजवलं की लगेच पटतं.

दुसरी गोष्ट ॲम्पच्या जागेची, आणि ही तर फुकट आहे. ॲम्प जमिनीवर ठेवलेला, वाजवणारा त्याच्यापासून दोन फुटांवर उभा. १२ इंची स्पीकरमधून बेस सगळीकडे पसरतो पण वरचा आवाज सरळ रेषेत समोर जातो, म्हणजे त्याच्या पायांपाशी. त्याला वरून ऐकताना टोन दबलेला वाटतो म्हणून तो ट्रेबल वाढवत राहतो, आणि समोर खुर्चीत बसलेल्या माणसाच्या बरोबर कानावर तो ट्रेबल सुरी चालवल्यासारखा जातो. ॲम्प मागे कललेला ठेवा, नाहीतर दुधाच्या दोन क्रेटवर चढवा, तोंड स्वतःच्या डोक्याकडे करा. आमच्याकडे हे केलं तेव्हा आमच्या गिटारिस्टने आपणहून ट्रेबल उतरवला आणि आवाजही कमी केला, कोणी सांगावं लागलं नाही. ॲम्पला माइक लावायचा असेल तर शुअर कंपनीचा एसएम ५७ हा माइक, १९६५ पासून बाजारात आहे आणि अजूनही बऱ्याच साउंडवाल्यांच्या पेटीत निघतो, तो जाळीला जवळजवळ टेकवायचा, पण स्पीकरच्या बरोबर मध्यावर नाही. मध्यावर आवाज तिखट येतो, कडेकडे सरकवत नेलं की मऊ होत जातो. बोटभर सरकवलं तरी फरक कळतो, तेवढ्यासाठी मिक्सरची बटणं पिळायची गरज नाही.

आता बरेच जण ॲम्प आणतच नाहीत, प्रोसेसर (टोन बनवायची पेटी) डायरेक्ट मिक्सरला लावतात. लोकल ट्रेन आणि रिक्षाचं गणित बघता ते शहाणपणाचंच आहे, आणि स्टेजवरचा आवाजही आपोआप कमी होतो. पण त्यात कॅबिनेट सिम्युलेशन नावाचं, ॲम्पच्या स्पीकरची नक्कल करणारं एक सेटिंग असतं ते चालू आहे ना बघा. गिटारच्या ॲम्पचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचं स्वतःच गाळून टाकतो, पीएचा, म्हणजे प्रेक्षकांसाठी लावलेला मोठा स्पीकर काहीच गाळत नाही, सगळं जसंच्या तसं बाहेर फेकतो, त्यामुळे ते सेटिंग बंद असेल तर डिस्टॉर्शनची नुसती करवत चालते. आणि नंतर हाच प्रोसेसर ॲम्पच्या तोंडात लावला तर उलट ते बंद करायचं, नाहीतर दोनदा गाळलं जाऊन टोन मेल्यासारखा येतो.

गायकांचं एकच सांगते. माइकची जाळी मुठीत धरू नका. साध्या स्टेज माइकची रचना अशी असते की समोरचं जास्त ऐकायचं आणि मागचं कमी, म्हणून तर मॉनिटर त्याच्या मागे ठेवतात. जाळीमागच्या फटी हाताने बंद केल्या की त्याची दिशाच जाते, तो चहूबाजूंनी ऐकायला लागतो आणि शिट्टी ठरलेली. व्हिडिओत भारी दिसतं म्हणून पोरं असं धरतात, काय बोलणार.

आता आयोजकांकडे येते, कारण खरं पत्र त्यांच्यासाठीच आहे.

मागच्या वर्षी नवी मुंबईतल्याच एका सोसायटीत आम्हाला चार वाजता साउंड चेकला, म्हणजे कार्यक्रमाआधी वाजवून सगळ्यांच्या लेव्हल लावायला, बोलावलं. चारला स्टेजवर रांगोळी चालली होती, पाचला लहान मुलांच्या डान्सची रिहर्सल, मग सत्काराच्या खुर्च्या, मग पाहुणे यायची वेळ झाली. आम्ही चढलो तेव्हा नऊ वाजून गेले होते, समोर सगळं पब्लिक बसलेलं, "हॅलो चेक, हॅलो चेक" लोकांच्या देखतच. साउंडवाला एकटा, त्याच्याकडे मिक्सर, लाइट आणि जनरेटर तिन्ही. दहाला बंद करायचं कारण कायदा आहे, आणि तो बरोबरच आहे. पहिली तीन गाणी लेव्हल लावण्यात गेली, चौथ्याला जरा जमलं, मग आभारप्रदर्शन. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर काय, तर बँडवाल्यांनी नुसता गोंगाट केला!

ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ आहे, आणि लाउडस्पीकर लावलेल्या सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्याच्यापेक्षा फार तर १० डेसिबल जास्त चालतं. म्हणजे दिवसा ६५. नुसता ड्रमसेट, कुठलाही माइक न लावता, जवळून सहज १०० च्या वर जातो. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत सहा डेसिबल कमी होतात, एवढाच काय तो आधार. म्हणजे सोसायटीच्या पटांगणात कायद्यात राहून वाजवायचं तर स्टेज शांतच ठेवावं लागणार, दुसरा रस्ता नाही. आणि जे म्हणतात दुप्पट पॉवरचे स्पीकर आणा, त्यांच्यासाठी, दुप्पट वॅटने फक्त तीन डेसिबल वाढतात, कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट पॉवर लागते. भाडं मात्र दुप्पटच्या दुप्पट होतं.

नाट्यगृहात वेगळी गंमत. ठाण्याचं गडकरी रंगायतन आणि घाणेकर, वाशीचं विष्णुदास भावे, ही नाटकाची थिएटरं, तिथे नटाचं बोलणं शेवटच्या रांगेपर्यंत पोचावं हा हिशोब. तिथे बँडने मोकळ्या मैदानासारखा आवाज सोडला की मागच्या भिंतीवरून तो परत येतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, भिंत २० मीटरवर असेल तर जाऊन यायला एक दशांश सेकंदाच्या वर लागतं, आणि स्टेजवर आम्हाला ड्रम दोनदा ऐकू येतो. शिवाय दुपारी रिकाम्या हॉलमध्ये लावलेली लेव्हल संध्याकाळी चालत नाही, माणसं आणि त्यांचे कपडे ट्रेबल शोषून घेतात. म्हणून मिक्सरवरचा माणूस कार्यक्रमभर मिक्सरवरच हवा, आणि मिक्सर विंगेत नाही, समोर प्रेक्षकांत हवा. विंगेत बसून त्याने काय ऐकायचं?

दिवाळी पहाटला रस्त्याच्या कडेने लांबपर्यंत स्पीकर लावले जातात तिथेही हेच. ३४ मीटर लांबच्या स्पीकरपर्यंत स्टेजचा आवाज हवेतून पोचायला एक दशांश सेकंद लागतो, पण वायरमधून तो लगेच पोचतो. लांबच्या स्पीकरला तेवढा डिले (उशीर) दिला नाही तर त्या स्पीकरपाशी उभ्या माणसाला प्रत्येक शब्द दोनदा. डिजिटल मिक्सरमध्ये ही सोय असते, ऑपरेटरला फक्त आधी अंतर मोजायला वेळ हवा.

आणि शेवटचं विजेचं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गिटारमधून सतत "हूंऽऽ" येत असतं ते बहुतेक वेळा गिटारचं नसतंच, आपल्या लाइनच्या ५० हर्ट्झचं असतं, नाहीतर एलईडी वॉल आणि लाइट कमीजास्त करणारे डिमर साउंडच्याच बोर्डावर घेतल्यामुळे आलेली किरकिर. साउंडची लाइन वेगळी घ्या, निम्मं बंद होतं. उरलेलं घालवायला काही जण प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकतात. हे करू नका हो! गिटारच्या तारा हातात आणि ओठ माइकला, दोन्हीकडे व्होल्टेज वेगळं असलं तर मधला रस्ता आपण असतो. १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वॉन्झीत स्टोन द क्रोज या बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी असाच, अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून, शॉकने स्टेजवरच दगावला. आपल्याकडे तर गणपतीत ऐन पावसात, चिखलावर फळ्या टाकून स्टेज असतं. तो "हूंऽऽ" घालवायचा तर डीआय बॉक्सवर (गिटार आणि मिक्सरच्या मधे लावायची डबी) ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते सिग्नलचं कनेक्शन तोडतं, विजेच्या अर्थिंगला हात लावत नाही.

डी. वाय. पाटील स्टेडियमला २०१९ मध्ये यू२ आणि २०२५ मध्ये कोल्डप्ले हे परदेशी बँड वाजले तेव्हापासून आमच्या भागात सगळे विचारतात, आपल्याकडे तसा साउंड का नाही येत. तेवढे पैसे कोणत्याच मंडळाकडे नाहीत, मान्य. पण लेखी वेळापत्रकात पाहुणे येण्याआधी बँडला सलग पाऊण तास, मिक्सरवर दुसरं काम नसलेला एक माणूस, आणि अर्थिंग तपासून देणारा इलेक्ट्रिशियन, याला स्टेडियमचं बजेट लागत नाही. येत्या सणांत ज्यांच्याकडे बँड ठरलाय त्यांनी रांगोळीवाल्यांना स्टेजऐवजी गेटपाशी जागा दिली तरी आम्हाला अर्धा तास मिळेल.

आपली,
बेस गिटार वाजवणारी एक वाचक, ऐरोली