‘तुमचा काय संबंध?’

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतील घरखरेदीवर आलेला लेख वाचला. तिकडे एका क्लिकवर कोणत्याही घराची कुंडली दिसते, त्यामुळे फसवणुकीला वावच नाही, असा त्याचा सूर आहे. यातले अर्धे बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी हे पत्र.

मी एका जिल्हा न्यायालयात एकतीस वर्षे नोकरी केली, त्यातली बहुतेक नक्कल विभागात आणि रेकॉर्ड रूममध्ये. रुमालात बांधलेली निकाली प्रकरणे उपसायची आणि कुणाला निकालपत्राची, कुणाला हुकूमनाम्याची नक्कल द्यायची, हे काम. गेल्या वर्षी मुलगी-जावयाकडे न्यू जर्सीत सहा महिने होतो. त्यांचे घर घेणे चालू होते. करार झाला होता आणि टायटल सर्चमध्ये, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींच्या तपासात, एक भानगड निघाली. आधीच्याच्याही आधीच्या मालकाने काढलेले कर्ज काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, दप्तरात अजून उभे होते. कर्ज केव्हाच फिटले होते, पण ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली आणि फेड झाल्याचा कागद नोंदवायचा राहून गेला. जावई हवालदिल. मी म्हटले, “अहो, हा तर बोजा कमी न केलेला सातबारा!” आपल्याकडे इतर हक्कात विकास सोसायटीचा बोजा बापाच्या वेळेपासून तसाच राहतो आणि पोरगा जमीन विकायला निघाला की डोळ्यांत भरतो, त्यातलाच प्रकार.

मुळात ‘अमेरिकेतले रेकॉर्ड’ अशी एक वस्तू नाहीच. तिथे तीन हजारांवर काउंट्या आहेत. एकट्या न्यू जर्सीत २१. तिथे खरेदीखते, गहाणखते काउंटी क्लार्ककडे नोंदवतात. एसेक्स, हडसन अशा काही ठिकाणी त्यासाठी रजिस्टर नावाचा वेगळा अधिकारी आहे. मृत्युपत्राचे काम ‘सरोगेट’ नावाच्या अधिकाऱ्याकडे. गंमत म्हणजे हे तिघेही लोकांनी मते देऊन निवडलेले असतात. दुय्यम निबंधकाच्या प्रचाराचे फलक आपल्या चौकात लागलेत, अशी कल्पना करून पाहा. शेजारी कनेक्टिकटमध्ये गेलात तर दस्त काउंटीत नसतात, टाऊन क्लार्ककडे असतात. न्यूयॉर्क शहराचे १९६६ पासूनचे दस्त ‘ॲक्रिस’ या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात, पण त्यात स्टेटन आयलंड नाही. कोर्टाची तऱ्हा आणखी वेगळी. विकणाऱ्याने दिवाळखोरी जाहीर केली असेल तर ते काउंटीच्या कोर्टात शोधून उपयोग नाही, कारण दिवाळखोरी फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टाकडे चालते. तिथले कागद ‘पेसर’ या त्या कोर्टांच्या संकेतस्थळावर, पानाला दहा सेंट मोजून मिळतात. तेव्हा क्लिक एकच असली तरी ती कुठे करायची हे आधी ठाऊक पाहिजे.

दुसरी मेख नावाची. जुनी सूची प्रामुख्याने नावावर चालते, देणाऱ्याची वेगळी आणि घेणाऱ्याची वेगळी. जागेचे ब्लॉक आणि लॉट नंबर हे आपल्या गट नंबरासारखे, पण ते कराच्या नकाशावरचे. आणि कराच्या नोंदीवरून मालकी ठरत नाही, हे घरपट्टीची पावती घेऊन कोर्टात आलेल्यांना मी जन्मभर सांगत आलो. आता आपली नावे पाहा. दीक्षित कुणी ‘एक्स’ घालून लिहितो, कुणी ‘के-एस-एच’. वडिलांचे नाव एका दस्तात मधे येते, दुसऱ्यात गळून पडते. तिसऱ्यात तेच आडनावाच्या जागी जाऊन बसते. बायकांचे माहेरचे नाव, सासरचे नाव हा आणखी एक घोळ. मुलीने एका स्पेलिंगने शोधले आणि ‘काही नाही’ म्हणाली. सूचीत सापडले नाही म्हणजे दप्तरात नाही असे होत नाही. तिला चार स्पेलिंगे करून बघायला लावली, तिसऱ्याला आठ दस्त निघाले.

एवढे झाल्यावर मला राहवेना, म्हणून तिच्याबरोबर काउंटीच्या कचेरीत गेलो. शोध घेण्याच्या खोलीत कोणीही जाऊन बसावे असे संगणक आणि टायटल कंपन्यांची रोजची माणसे. आमच्या आवारात सर्च रिपोर्ट काढणारे वकील आणि त्यांचे कारकून बसतात, तशीच. खिडकीवरच्या बाईंना मुलीने बुक नंबर आणि पान नंबर सांगितला. बाईंनी पैसे घेतले, प्रत काढून दिली. आम्ही कोण, कुठले, त्या घराशी आमचे नाते काय, एक अक्षर विचारले नाही. मी बाहेर येऊन थोडा वेळ बाकावर बसून राहिलो.

कारण हा प्रश्न मी स्वतः हजारो वेळा विचारला आहे. “तुमचा काय संबंध?” तो कुणी शिकवला नव्हता, खिडकीच्या आत बसले की आपोआप तोंडात येतो. कोर्टापुरता त्याला आधार तरी आहे. दाव्यात पक्षकार नसलेल्याला नक्कल हवी तर कारण दाखवून अर्ज करावा लागतो. माहिती अधिकाराचीही वाट नाही, कोर्टाच्या नियमांप्रमाणेच नक्कल मागावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात स्पष्ट केले. न्यू जर्सीच्या कोर्टांचा नियम उलट्या टोकाने सुरू होतो. कागद खुला आहे असे धरूनच चालायचे, आणि मुलांची प्रकरणे, सोशल सिक्युरिटी नंबर वगैरे जे झाकायचे त्याची यादी करायची.

पण दस्तांचे काय? नोंदणी अधिनियम १९०८, कलम ५७. पुस्तक क्रमांक १ (स्थावर मिळकतीचे दस्त) आणि २ (नोंदणी नाकारल्याची कारणे) आणि पुस्तक १ ची सूची फी भरून कोणालाही पाहता येते, नक्कलही मिळते. मृत्युपत्राचे तेवढे वेगळे, करणारा हयात आहे तोवर त्याची नक्कल त्यालाच. म्हणजे जे अमेरिकेत पाहून आपले लेखक हरखले ते आपल्या कायद्यात इंग्रजांच्या वेळेपासून आहे. संगणकातही आपण फार मागे नाही. दस्ताचा गोषवारा देणारी ‘सूची दोन’ घरबसल्या दिसते, सही असलेला डिजिटल सातबारा १५ रुपयांत मिळतो, प्रत्येक दाव्याला मिळणारा सीएनआर नंबर टाकला की दाव्याच्या तारखा समजतात. अडते ते खिडकीवर. कोणत्या खिडकीवर ते लिहीत नाही, वाचकांना आपापली आठवेल.

आता फसवणुकीचे. काउंटी क्लार्क दस्ताचा नमुना आणि फी बघतो. विकणारा खरा मालक आहे का, हे तपासत नाही. आपला दुय्यम निबंधकही तपासत नाही. म्हणून तर तिथे खरेदीदार टायटल इन्शुरन्स, म्हणजे मालकीत खोट निघाली तर त्याचा विमा, काढतो आणि इथे वकील तीस वर्षांचा सर्च घेतो. खोटी सही करून दुसऱ्याचे घर आपल्या नावावर नोंदवल्याचे प्रकार तिथेही घडतात. एक फरक मात्र घर घेणाऱ्याने लक्षात ठेवावा. आपल्याकडे कलम ४७ प्रमाणे नोंदलेला दस्त सही झाल्या तारखेपासून लागू होतो. न्यू जर्सीत दोन खरेदीदारांत जो आधी नोंदवील तो वरचढ, मात्र पहिल्या व्यवहाराची त्याला खबर नसली पाहिजे. तिथे दस्त पिशवीत ठेवून गावाला जाऊ नये.

उघड्या दप्तराची किंमतही त्यांनी मोजली आहे. जुलै २०२० मध्ये न्यू जर्सीत फेडरल न्यायाधीश एस्थर सलास यांच्या घरी येऊन एका वकिलाने त्यांच्या मुलाला गोळ्या घातल्या. न्यायाधीशांची माहिती त्याने आधीच गोळा करून ठेवली होती. त्या मुलाच्या नावाने ‘डॅनियल्स लॉ’ आला आणि न्यायाधीश, पोलीस यांना आपला घरचा पत्ता झाकून घेण्याचा हक्क मिळाला. दप्तर बंद केले नाही, तेवढ्या ओळी झाकल्या.

ज्यांचे नातेवाईक तिथे वारले आहेत त्यांच्यासाठी एक. वारसाच्या कामाला तिथल्या कागदाची साधी झेरॉक्स किंवा संकेतस्थळावरची प्रिंट आपल्याकडे चालत नाही. सरोगेटकडून किंवा कोर्टातून प्रमाणित नक्कल घ्यावी, त्यावर त्या राज्याचे अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात चालावा यासाठीचे सरकारी प्रमाणपत्र, करून घ्यावे आणि मगच पाठवावे. अपोस्टीलचा आंतरराष्ट्रीय करार भारताला २००५ पासून लागू आहे, तरी माझ्या टेबलावर अपोस्टीलशिवायचे कागद शेवटपर्यंत येत होते.

मुलीचे काम अडीच महिन्यांनी झाले. नव्या बँकेने कर्ज फिटल्याचा कागद दिला, तो नोंदला गेला, त्याला स्वतःचा बुक आणि पान नंबर पडला. प्रत हातात आल्यावर मी सवयीने कागद उलटला. आमच्या नकलेच्या पाठीवर तीन तारखा असतात: अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची, दिल्याची. अपिलाच्या मुदतीतून तेवढे दिवस वजा धरतात. या कागदाची पाठ कोरी होती.

आपला,
नक्कल विभागातील एक निवृत्त कर्मचारी, सातारा