बंद ठेवलेले शीतयंत्र

इंदूर, ५ डिसेंबर २०२५

चि. मृण्मयी हिस, अनेक उत्तम आशीर्वाद.

नव्या नोकरीतल्या सुरक्षा-प्रशिक्षणात भोपाळच्या वायुगळतीचे प्रकरण वीस मिनिटांत उरकले आणि ‘मानवी चूक’ एवढेच कारण सांगितले, असे तू लिहिलेस. तू आता रसायनांच्या कारखान्यातच उभी राहणार आहेस, म्हणून ते दोन शब्द माझ्या घशाखाली उतरत नाहीत.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइड या कंपनीच्या भोपाळमधल्या कीटकनाशक कारखान्यातल्या ई-६१० या टाकीत सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट, म्हणजे कीटकनाशक बनवायला लागणारे अत्यंत विषारी रसायन, होते. त्यात पाणी मिसळले, टाकी तापत गेली आणि मध्यरात्रीनंतर वायू शहरावर पसरला. ते पाणी नळ्या धुताना शिरले, की कंपनी सांगत राहिली त्याप्रमाणे कोणी मुद्दाम सोडले, हा वाद मला गौण वाटतो. पाणी कसेही शिरलेले असो, पुढचा अनर्थ आवरण्यासाठी कारखान्यात ज्या व्यवस्था होत्या, त्यांची त्या रात्रीची स्थिती पाहा. हे रसायन शून्य अंशाच्या आसपास ठेवायचे असते, पण शीतयंत्र जूनपासूनच बंद होते. वायू धुऊन निकामी करणारा स्क्रबर चालू स्थितीत नव्हता. वायू जाळून टाकणाऱ्या फ्लेअर टॉवरच्या नळीचा एक तुकडा दुरुस्तीसाठी काढून ठेवलेला होता. पाण्याचे फवारे होते, पण वायू ज्या उंचीवरून सुटत होता तिथवर ते पोहोचत नव्हते. ‘मानवी चूक’ म्हटले की नजर रात्रपाळीच्या कामगाराकडे वळते. शीतयंत्र बंद ठेवण्याचा निर्णय मात्र कोणीतरी दिवसाढवळ्या, खर्चाचा हिशेब समोर ठेवून घेतला होता.

तो हिशेबही समजून घे. वर्षाला ५,००० टन कीटकनाशक बनवण्याच्या अपेक्षेने उभारलेल्या त्या कारखान्याचा माल निम्मासुद्धा खपत नव्हता, कारण दुष्काळाने शेतकऱ्याच्या हातात पैसा नव्हता आणि बाजारात स्वस्त औषधे आली होती. मग काटकसर सुरू झाली. मिथाइल आयसोसायनेट विभागात एका पाळीला बारा माणसे असत, ती सहा झाली. रात्रीच्या मेंटेनन्स सुपरवायझरचे पद काढून टाकले. इशारे मिळाले नव्हते असेही नाही. १९८१ च्या डिसेंबरात फॉस्जीन या विषारी वायूने त्याच कारखान्यात एका कामगाराचा जीव घेतला होता, आणि राजकुमार केसवानी या भोपाळच्याच पत्रकाराने १९८२ मध्ये आपल्या छोट्या साप्ताहिकातून हा कारखाना शहराला गिळेल असे लिहून ठेवले होते. त्या साप्ताहिकाचे वाचक थोडे होते, आणि सत्तेवरच्यांना ते वाचण्याची गरज वाटली नसावी.

मी स्वतः इंदूरजवळच्या पीथमपूरला कारखान्यात मेंटेनन्समध्ये तीस वर्षे काढली. ‘तात्पुरते बंद’ अशी पाटी यंत्रावर एकदा लागली की चार महिन्यांनी ती कोणालाच दिसेनाशी होते. एकदा एक गळका व्हॉल्व्ह मीही ‘पुढच्या शटडाउनला पाहू’ असे रजिस्टरात लिहून सोडून दिला होता. आतून वाहत होते ते साधे पाणी, म्हणून आज ही गोष्ट तुला सहज सांगता येते.

आता भिंतीबाहेरचे. कारखान्यासमोरच जयप्रकाशनगरची वस्ती होती, आणि तिथल्या झोपड्यांना सरकारने १९८४ सालीच जमिनीचे पट्टे दिले होते; म्हणजे धोक्याच्या शेजारी राहण्यावर सरकारी शिक्का बसला होता. माझी आत्या तेव्हा कारखान्यापासून दूर, टी. टी. नगरात सरकारी क्वार्टरमध्ये राहत असे, आणि त्या घरात कोणाला साधा खोकलाही झाला नाही. पुढे शहरातले ५६ पैकी ३६ वॉर्ड बाधित ठरले, पण पहिला आणि सर्वांत मोठा घाव जुन्या भोपाळच्या गरिबांवर पडला. मोठा भोंगा सुरू होऊन लवकरच बंद झाला आणि पुन्हा वाजला तेव्हा फार उशीर झाला होता. तोंडावर ओले फडके धरा, वाऱ्याच्या दिशेने पळू नका, एवढे जरी आधी कोणी शिकवले असते! लोक वायूबरोबरच पळत राहिले. सरकारने आरंभी २,२५९ मृत्यू मान्य केले. भरपाईच्या दाव्यांत तो आकडा पुढे १५,००० च्या वर गेला.

ही गोष्ट इतक्या वर्षांनी आपल्या दारात आली, ते तू पाहिलेच आहेस. जानेवारीत त्या कारखान्याचा ३३७ टन विषारी कचरा बारा कंटेनरांतून पोलीस बंदोबस्तात पीथमपूरला आणला, तेव्हा गावाने बंद पाळला आणि तुझी आई मला विचारत राहिली की आपल्या विहिरीबोअरचे काय होणार. जूनअखेर तो जाळून झाला. लोकांची भीती अवाजवी होती असे काही जण म्हणतात. मला ती रास्त वाटते, कारण चाळीस वर्षे त्यांना कोणी विश्वासाने काही सांगितलेलेच नव्हते.

पुढच्या फोनवर मला दोन गोष्टी सांग. तुमच्या प्लांटमध्ये कोणकोणत्या यंत्रांवर ‘तात्पुरते बंद’ असे लिहिले आहे आणि कोणत्या तारखेपासून, आणि कुंपणापलीकडे जी वस्ती आहे, तिथल्या लोकांना भोंग्याचा अर्थ ठाऊक आहे का.

तुझा
बाबा