ब्लूमिंग्टनच्या काकांना, २०२४च्या हंगामाबद्दल

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार.

नाव छापायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं काका. ओळखणारे ओळखतील.

जानेवारी २०२६ मध्ये तुमच्या ब्लूमिंग्टनच्या इंडियाना विद्यापीठाने अमेरिकन फुटबॉलमध्ये मायामीला २७-२१ असं हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावलं, सोळाच्या सोळा सामने जिंकून. त्या रात्री मला अभिनंदनाचे मेसेज आले, जणू मीच मैदानात होतो. पाठवणाऱ्यांपैकी निम्म्यांनी हा खेळ आयुष्यात पाहिलेला नाही. मला मात्र आभार मानायचेत ते त्याच्या आदल्या हंगामाचे. मुख्य कोच कर्ट सिग्नेटींचं ते पहिलं वर्ष, आणि माझंही तिथलं पहिलंच.

कोल्हापूरच्या पोराला फुटबॉल शिकवायला निघालात, हे तुमचं धाडसच. पायाने खेळायच्या फुटबॉलच्या पाटाकडील-दिलबहार सामन्याला शाहू स्टेडियमवर घसा बसेपर्यंत ओरडलेल्या माणसाला हातात चेंडू धरून पळणारी माणसं दाखवायची, तीही दर दहा सेकंदांनी थांबणारी! तुम्ही नियमांचं पुराण लावलं नाहीत. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, जमलं की पुन्हा चार मिळतात, एवढंच सांगितलंत. वर म्हणालात, "चेंडूकडे बघू नकोस. पुढच्या पाच आडदांड पोरांकडे बघ. ती सरकली तर खेळ सरकला." आजही मी सामना तसाच बघतो आणि शेजारचे वैतागतात.

ऑगस्टअखेरच्या त्या पहिल्या सामन्याला मेमोरियल स्टेडियममध्ये पाय पसरून बसता येत होतं. तुम्हाला त्याचं काही वाटलं नाही. अमेरिकेच्या वरच्या गटातल्या विद्यापीठांमध्ये सर्वाधिक पराभव तेव्हा आपल्याच नावावर होते. बिग टेन या आपल्या लीगचं विजेतेपद शेवटचं मिळालं १९६७ मध्ये, हंगामाअखेरचा बोल सामना शेवटचा जिंकला १९९१ मध्ये. शेजारच्या असेंब्ली हॉलमध्ये बास्केटबॉलची पाच राष्ट्रीय विजेतेपदं टांगलेली, त्यामुळे फुटबॉल म्हणजे बास्केटबॉल सुरू होईपर्यंतचा टाइमपास. मध्यंतरात लोक पार्किंगमध्ये खायला जात ते परत येत नसत, हे तुम्हीच सांगितलेलं. तुम्ही मात्र शेवटपर्यंत बसायचात. काकूंच्या भाषेत, "पैसे दिलेत ना, मग बसतात."

आदल्या हंगामात तीन विजय आणि नऊ पराभव. मग हे सिग्नेटी आले आणि पत्रकारांना म्हणाले, "मी जिंकतो. गूगल करून बघा." तुम्ही खरंच बघितलंत! २००७ ते २०१० अलाबामात निक सेबन या नामांकित कोचच्या हाताखाली, आणि मग ते सगळं सोडून पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या विद्यापीठात, दुसऱ्या विभागात, कमी पगारावर मुख्य कोच. वडिलांनीही तिथेच कोचिंग केलेलं. "पन्नाशीला टेकलेला माणूस पगार कमी करून जातो, म्हणजे त्याला स्वतःबद्दल काहीतरी पक्कं ठाऊक असणार," हे तुमचं मत. मला ते तेव्हा पटलं नव्हतं. घोषणा करणारे कोच आपण कमी बघितलेत का?

पण ते घोषणेवर थांबले नाहीत. जेम्स मॅडिसन या आपल्या आधीच्या विद्यापीठातून स्वतःचे सहायक आणले, तेरा खेळाडू आणले. छोट्या लीगची पोरं म्हणून लोकांनी नाकं मुरडली. तुम्ही कामारा, फिशर, सॅराट, पाँड्स ही नावं कागदावर लिहून माझ्या हातात दिलीत. पाँड्स तर उंचीने माझ्याएवढाच, त्यामुळे माझा तो लगेच लाडका. क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू, कर्टिस रॉर्क कॅनडाचा, तोही दुसऱ्याच विद्यापीठातून आलेला.

मग एकामागून एक विजय. नेब्रास्काला ५६-७. त्यात रॉर्कचा अंगठा दुखावला, तर पुढच्या शनिवारी बदली खेळाडूने वॉशिंग्टनला हरवून दाखवलं. पण माझ्या डोक्यात आहे तो मिशिगनचा सामना. आदल्या हंगामाचे राष्ट्रीय विजेते ते. मध्यंतराला आपण १७-३ पुढे, आणि त्यानंतर आपलं आक्रमण पार गोठलं. १७-१५ झालं तेव्हा तुम्ही टोपी काढून मांडीवर ठेवलीत आणि बोलणंच बंद केलंत. मी विचारलं, आता काय? तुम्ही नुसतं बचावफळीकडे बोट दाखवलंत. २०-१५ ने सुटलो. एका हंगामात दहा विजय, विद्यापीठाच्या इतिहासात पहिल्यांदा. पुढच्या रांगेतले एक आजोबा अनोळखी माणसांना मिठ्या मारत सुटले होते. तुम्ही मला म्हणालात, "चल, वडे गार होतायत."

कोलंबसमध्ये ओहायो स्टेटने ३८-१५ ने झोडपलं. शेजारच्या पर्ड्यूवर ६६-० ने राग काढला आणि त्या सामन्याची ट्रॉफी, ती लाकडी बादली, परत आली. मग २० डिसेंबरला राष्ट्रीय अजिंक्यपदासाठीच्या बारा संघांच्या प्लेऑफचा पहिलावहिला सामना, साउथ बेंडला, नोटर डेमशी. त्यांचा लव्ह ९८ यार्ड पळाला तेव्हाच तुमच्या हॉलमध्ये शांतता झाली. २७-१७ ने हरलो. टीव्हीवरचे पंडित लगेच सुरू झाले, की यांना घ्यायलाच नको होतं. तुम्ही टीव्ही बंद केलात आणि पिठलं-भात वाढलात. रॉर्क तो अख्खा हंगाम गुडघ्याचा लिगामेंट फाटलेला असताना खेळला, हे जानेवारीत बाहेर आलं. ते सांगायला तुमचा फोन आला, तेव्हा आवाज ठीक नव्हता.

काका, त्या सेमिस्टरला माझं काही धड चालत नव्हतं. इंटर्नशिपचे नकार येत होते, खोलीत मराठी बोलायला कोणी नव्हतं, घरी फोनवर सगळं छान आहे म्हणायचो. तुम्हाला दिसत असणार. तरी तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, सल्ला दिला नाहीत, तुमच्या काळच्या कष्टांच्या गोष्टी सांगितल्या नाहीत. शुक्रवारी रात्री फक्त मेसेज यायचा: "उद्या खाली उभा राहा. जर्किन घाल." त्यासाठी मनापासून आभार. काकूंना वड्यांसाठी वेगळा नमस्कार. त्या पार्किंगमध्ये बर्गर सोडून आपल्या डब्याभोवती जमणारे अमेरिकन त्यांचे कायमचे ऋणी आहेत.

आता तिकिटांना भाव आलाय, तुमच्या शेजारची खुर्ची मागणारे पुष्कळ निघतील. ऑगस्टमध्ये साताऱ्याची एक मुलगी तिथे शिकायला येतेय. खेळातलं तिला काही कळत नाही, तिखट चालतं. नंबर पाठवू का?

तुमचा,
कोल्हापूरकर