शुल्क माफ, पण खाणावळीचे काय?

वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्कात १०० टक्के सवलत देण्याचा ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय स्वागतार्ह असला, तरी गावाकडच्या मुलीचे शिक्षण बहुधा खोलीभाडे आणि खाणावळीच्या खर्चापाशी अडते. माझ्या एका विद्यार्थिनीचे शुल्क माफ झाले, पण खोलीच्या अनामत रकमेसाठी तिच्या आईला गळ्यातली पोत गहाण ठेवावी लागली. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून मुंबई-पुण्यात वर्षाला ६० हजार रुपये मिळतात आणि हा आधार मोठाच आहे. मात्र असा भत्ता वर्ष सरत आल्यावर हाती पडला, तर तोवर सावकाराचे व्याज चढलेले असते. सर्वच निर्वाह भत्त्यांचा पहिला हप्ता प्रवेश निश्चित होताच विद्यार्थ्यांच्या खात्यात जमा व्हावा.

– एक निवृत्त शिक्षिका, परभणी