कपाटात पडलेलं ई-रीडर गावाच्या वाचनालयाला द्या

सप्रेम नमस्कार.

हे आवाहन मुख्यतः गाव सोडून नोकरीधंद्याला बाहेर गेलेल्या मंडळींसाठी आहे. पुणे, नाशिक, सुरत, मुंबई, जिथे असाल तिथे. दिवाळीची झाडलोट करताना टीव्हीखालचा खण एकदा उघडून बघा. हौसेनं घेतलेलं किंवा कुणी वाढदिवसाला दिलेलं किंडल, कोबो असं एखादं ई-रीडर, म्हणजे पुस्तकं वाचायचं छोटं यंत्र, त्यात निघायची बरीच शक्यता आहे. सुरुवातीला वाचलं, मग मोबाईलनं वेळ खाल्ला आणि ते तसंच राहिलं. ते आम्हाला हवंय.

अमळनेर तालुक्यातलं आपलं हे वाचनालय 'ड' वर्गातलं, म्हणजे सगळ्यात कमी सरकारी अनुदान मिळणारं. अनुदानात वर्तमानपत्रांची बिलं, ग्रंथपालाचं मानधन आणि विजेचं बिल कसंबसं भागतं. उरलं तर पुस्तकं. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७वं साहित्य संमेलन झालं, तेव्हा ग्रंथप्रदर्शनातून थोडी बरी खरेदी करता आली. ती पुस्तकं हातोहात फिरून खिळखिळी झाली, त्याचं दुःख नाही. दुःख आहे ते मागच्या भिंतीकडच्या कपाटाचं. तिथे वाळवी लागली आणि जुन्या बांधणीचे गठ्ठेच्या गठ्ठे आतून पोखरले गेले. त्यांतली बरीचशी पुस्तकं आता बाजारात मिळत नाहीत. त्यातली काही संगणकीय रूपात मात्र मोफत आणि कायदेशीर उपलब्ध आहेत. ती वाचायला द्यायची कशावर, हा प्रश्न आहे.

मोबाईल सगळ्यांकडे आहे, मग हे वेगळं यंत्र कशाला, असं बैठकीतही विचारलं गेलं. उत्तर आमच्या ज्येष्ठ सभासदांनीच दिलं: "मोबाईलवर डोया दुखतस." मोबाईलचा किंवा टॅबचा पडदा मागून उजेड फेकतो. ई-रीडरचा तसा नसतो. त्याच्या पडद्याखाली साधारण केसाच्या जाडीच्या असंख्य सूक्ष्म कुप्या असतात, त्यात पांढरे आणि काळे कण. त्यांच्यावर परस्परविरुद्ध विद्युतभार असतो. विजेचा दाब उलटसुलट केला की कधी पांढरे वर येतात, कधी काळे, आणि त्यातून अक्षर उमटतं. एकदा उमटलं की ते तसंच राहतं, त्यासाठी वीज लागत नाही. वीज लागते ती पान उलटताना, आणि नव्या यंत्रांत पडद्यावर वरून मंद उजेड पाडायला. म्हणून एकदा चार्ज केलं की वापराप्रमाणे काही आठवडे चालतं. आपल्याकडे भारनियमन असो की वादळात पडलेला खांब, वाचन थांबत नाही.

दुसरं म्हणजे ऊन. मोबाईल उन्हात धरला की स्वतःचंच तोंड दिसतं. ई-रीडर छापील कागदासारखं उन्हातही स्पष्ट दिसतं. ओट्यावर, खळ्यात, एसटीची वाट बघताना, कुठेही वाचा. वजन दोनशे ग्रॅमच्या आतबाहेर. जाडजूड कादंबरी छातीवर घेऊन वाचताना हात भरून येणाऱ्यांना याचं मोल कळेल. आणि अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या आमच्या एका आजींच्या हाती नमुन्याचं यंत्र दिलं. त्यांनी अक्षर एवढं मोठं केलं की एका पानावर जेमतेम आठ ओळी मावल्या. पान उलटताना पडदा क्षणभर काळा झाला तसं त्यांनी घाबरून ते परत दिलं. बिघडलं नव्हतं, आधीच्या पानाची पुसट सावली घालवायला पडदा अधूनमधून असा काळा-पांढरा होतो. समजावल्यावर त्या यंत्र घेऊन कोपऱ्यात बसल्या त्या वाचनालय बंद करायच्या वेळेलाच उठल्या.

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांचं म्हणणं वेगळं. त्यांना यात व्हॉट्सअॅप येत नाही, हेच आवडलं.

उणिवाही सांगतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. बहुतेक यंत्रं काळी-पांढरी, त्यामुळे नकाशे आणि मुलांची चित्रांची पुस्तकं यावर शोभत नाहीत. स्कॅन केलेली पीडीएफ सहा इंची पडद्यावर मुंगीएवढ्या अक्षरात दिसते. अक्षर मोठं करायचं तर पान डावीउजवीकडे सरकवत बसावं लागतं. ईपब प्रकारच्या पुस्तकात मजकूर पडद्याच्या मापानं आपोआप बसतो. आम्हाला तीच हवीत. आणि उन्हाळा! या यंत्रांच्या माहितीपत्रकात बहुधा ३५ अंशांची मर्यादा लिहिलेली असते. ती लिहिणाऱ्यानं मे महिन्यातलं खानदेश पाहिलेलं नसावं. यंत्रं आम्ही आतल्या खोलीत ठेवू, गाडीच्या डिक्कीत ठेवायची नाहीत अशी ताकीदही सभासदांना देऊ.

आता कायद्याचं. ऑनलाइन विकत घेतलेलं ई-पुस्तक सहसा घेणाऱ्याच्या खात्यापुरतं असतं. ते वाचनालयातून फिरवता येत नाही. चोरीच्या प्रती तर आम्ही दारात येऊ देणार नाही. तरीही वाचायला पुष्कळ आहे. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन सर्वांना मुक्त होतं. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलात शिकवणारे साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे त्यांचं असं लेखन २०११ पासून मुक्त आहे. धरणगावचे बालकवी तर १९१८ सालीच गेले. आसोद्याच्या बहिणाबाईंच्या कविता त्यांच्या पश्चात १९५२ मध्ये पुस्तकरूपात आल्या. मरणोत्तर प्रकाशनात ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात, तीही उलटून गेली. या तिघांपासूनच सुरुवात करायचं ठरलं आहे.

म्हणून यंत्राइतकीच दुसरी एक मदत मागतो, तिला पैसा लागत नाही. मराठी विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथसंग्रहावर जुन्या पुस्तकांची स्कॅन केलेली पानं एका बाजूला आणि संगणकानं ओळखलेला मजकूर दुसऱ्या बाजूला असतो. संगणक रफार गाळतो, 'घ' चा 'ध' करतो, जोडाक्षरं तोडतो. माणसानं ओळन् ओळ ताडून ते दुरुस्त करायचं. न तपासलेलं पान लाल खुणेचं, एकानं तपासलं की पिवळं, दुसऱ्यानं पुन्हा बघितलं की हिरवं. पूर्ण झालेलं पुस्तक ईपबमध्ये उतरवून घेता येतं. निवृत्त शिक्षक आणि कॉलेजातल्या मुलांनी रोज दोन-चार पानं जरी तपासली, तरी फक्त आपल्या वाचनालयाचंच नाही तर सगळ्या मराठी वाचकांचं काम होतं. शनिवारी संध्याकाळी वाचनालयाच्या संगणकावर शिकवायची सोय आहे.

यंत्र देणाऱ्यांनी एवढं बघावं. चार्ज करून ते चालू होतंय ना, ते पाहा. बॅटरी फुगून मागची बाजू वर आली असेल तर कृपया पाठवू नका. पासवर्ड काढा, सेटिंगमध्ये जाऊन स्वतःचं खातं डीरजिस्टर करा, म्हणजे यंत्रावरून काढून टाका, आणि यंत्र रीसेट करा. तसंच आलं तर ते तुमच्या नावावरच राहतं. जमलं तर त्यावर एक मराठी पुस्तक उघडून पाहा. फार जुन्या काही यंत्रांत देवनागरी नीट उमटत नाही, वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. तसं असेल तर चिठ्ठीवर लिहा, ते आम्ही इंग्रजी पुस्तकांना वापरू. कंपनीच्या ऑनलाइन दुकानाशी जोडणी बंद झालेलं यंत्रही चालेल. कॅलिबर या मोफत सॉफ्टवेअरमधून केबलनं पुस्तकं भरता येतात. त्यासाठी केबल मात्र सोबत द्या, जुन्या यंत्रांची पिन वेगळी असते. पडद्याखाली बहुधा काच असते आणि ती दाबानं तडकते, म्हणून वर जाड पुठ्ठा बांधा आणि मगच ट्रॅव्हल्सवाल्याच्या किंवा गावी येणाऱ्या पाहुण्याच्या हाती द्या.

पैशाच्या रूपानंही मदत चालेल. नवं बरं यंत्र घ्यायचं तर दहा हजारांच्या आसपास किंवा वर जातं. एकट्याला जड वाटत असेल तर भावकीनं, दहावीच्या बॅचनं मिळून एक द्यावं. रोख देऊ नका, वाचनालयाच्या नावे धनादेश द्या, पावती लगेच मिळेल. प्राप्तिकरात सवलत देणारं ८०जी प्रमाणपत्र आपल्याकडे नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. आलेलं प्रत्येक यंत्र दाखलखारीज नोंदवहीत पुस्तकासारखंच क्रमांक घालून नोंदवलं जाईल आणि सभासदाला अनामत घेऊन पंधरा दिवसांसाठी दिलं जाईल. विद्यार्थ्यांना आणि साठीपुढच्यांना अनामत नाही.

यंत्रं आणि धनादेश वाचनालयात रोज संध्याकाळी ६ ते ८ या वेळेत ग्रंथपालाकडे द्यावेत. सोमवारी वाचनालय बंद असतं. दिवाळीला गावी येणार असाल तर सोबतच घेऊन या.

आपले,
अध्यक्ष व कार्यकारी मंडळ
सार्वजनिक वाचनालय