महसूलमंत्री साहेब, आधी रेकॉर्ड रूममध्ये काय काय आहे त्याची यादी तरी लावा

मा. महसूलमंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो आणि आसपासच्या लोकांना नकलेचे, माहिती अधिकाराचे अर्ज लिहून देतो. वकील नाही, एजंट तर अजिबात नाही. तालुक्याचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण तिथला रेकॉर्डचा माणूस बिचारा चांगला आहे आणि उद्या नोटीस निघाली तर त्यालाच निघेल, ज्यांना निघायला पाहिजे त्यांना नाही.

आधी चांगलं बोलतो. डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या 15 रुपयांत मिळतो, तलाठी आज सज्जावर आहे का मीटिंगला गेलाय हे विचारत फिरावं लागत नाही, हे मोठं काम झालंय. पण हा झाला आजचा सातबारा. भांडण आजच्या सातबाऱ्यावरून नसतंच ना साहेब, भांडण असतं नाव कधी चढलं, कधी उतरलं, कुणाच्या जबाबावर उतरलं यावरून, आणि ते सगळं जुन्या फेरफारात, म्हणजे सातबाऱ्यावरच्या बदलांच्या नोंदीत असतं, आणि तो फेरफार रेकॉर्ड रूममध्ये कापडात बांधलेल्या कुठल्यातरी रुमालात असतो. असतो म्हणजे, असायला पाहिजे.

आमच्याकडच्या एक मावशी आहेत. वडील वारल्यावर भावांची नावं लागली, बहिणींची सातबाऱ्यावरच्या इतर हक्क या रकान्यात गेली, आणि पुढं केव्हातरी तीही गायब झाली. हक्कसोडीच्या जबाबावर अंगठा आपण दिलाच नाही असं मावशींचं म्हणणं. खरं काय ते कोर्ट बघेल, पण तो कागद डोळ्यांनी बघायचा हक्क तर त्यांना आहे का नाही? काउंटरवर पहिला प्रश्न, "फेरफार नंबर काय?" अहो, तोच तर शोधायला आलोय. आजच्या सातबाऱ्यावर "जुने फेरफार क्र." म्हणून आकड्यांची एक रांग असते, पण त्यातला कुठला वारसाचा, कुठला सोसायटीच्या बोजाचा, कुठला हक्कसोडीचा, हे नुसत्या आकड्यावरून ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. मग सगळ्यांच्याच नकला मागायच्या, आणि मागितल्या की उत्तर तयार, एवढं सगळं काढायला माणूस कुठंय.

आणि हे तर सोप्पं प्रकरण म्हणायचं. अजून मागं जायचं झालं की गट नंबर उपयोगाचा राहत नाही, कारण एकत्रीकरणाच्या, म्हणजे जमिनीचे तुकडे जोडून गट पाडले त्याच्या आधीचं सगळं सर्वे नंबरवर आहे, आणि कुठला सर्वे नंबर कुठल्या गटात गेला हे तहसीलमध्ये नाही, भूमी अभिलेखच्या ऑफिसात विचारा म्हणतात, तिथं गेलं की ते म्हणतात सर्वे नंबर घेऊन या. त्याच्याही मागं आमच्याकडे 1954-55 चं खासरा पत्रक, म्हणजे कुठली जमीन कुणाकडं याचा जुना कागद, आणि त्याच्या मागं निजामाच्या काळातलं उर्दू, इतर भागात मोडी. वाचणारा माणूस शोधा, त्याची फी द्या, आणि त्यानं वाचलेलं खरं धरायचं का नाही हे परत साहेबांच्या मर्जीवर. त्यात जिल्हे फुटले, जालना 1981 ला झाला, लातूर 1982 ला, हिंगोली 1999 ला. त्या वेळी कुठली कपाटं नव्या जिल्ह्याला आली आणि कुठली जुन्यातच राहिली, हे साध्या माणसाला कुठं लिहिलेलं सापडत नाही. हिंगोलीवाले परभणीला जा म्हणतात, परभणीवाले हिंगोलीला जा म्हणतात, असे किस्से इकडं घरोघरी आहेत.

आपले अभिलेख नावाची वेबसाइट आहे, माहितीये मला. जिथं स्कॅनिंग नीट झालंय तिथं छान चालते, पण तिथंही कागदाचा प्रकार आणि सर्वे नंबर आधी तुम्हालाच टाकावा लागतो, आणि समोर काही आलं नाही तर कागद मुळातच नाही, स्कॅन झाला नाही, का भलत्याच नंबराखाली चढवलाय, यातलं काहीच कळत नाही. तिन्हीला एकच कोरी स्क्रीन.

आता मुद्द्यावर येतो. हे जमत नाही असं मला कुणी सांगू नये, कारण जमतं हे तुमच्याच खात्यानं दाखवून दिलंय. 2023 ला न्या. संदीप शिंदे समिती बसली आणि कुणबी नोंदी शोधा म्हणून वरून आदेश आले. आरक्षणाच्या वादात मी पडत नाही, ज्याचं त्याचं मत आहे. पण तेव्हा काय झालं बघा ना, वर्षानुवर्षं न उघडलेले रुमाल सुटले, गाव नमुना 14 आणि कोतवाल बुक या जन्ममृत्यूच्या जुन्या वह्या निघाल्या, शाळांचे प्रवेश निर्गम रजिस्टर निघाले, मोडी वाचणारे बोलावले, हैदराबादला माणसं जाऊन आली, आणि जिल्ह्यांच्या वेबसाइटवर गाववार कागद चढले. तोच स्टाफ, तीच कपाटं. मग मावशींच्या फेरफारालाच माणूस नाही, असं कसं?

माहिती अधिकार टाका म्हणतात. टाकतो ना. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे 150 शब्द आणि एकच विषय, 30 दिवस वाट बघायची आणि मग एका ओळीचं उत्तर येतं, "सदर अभिलेख आढळून येत नाही." ही ओळ मी इतक्यांदा वाचलीये की ती आता छापूनच ठेवत असतील असं वाटतं. कुणी शोधला, कुठल्या कपाटात शोधला, शेवटी कुणाच्या ताब्यात होता, काही नाही. पहिलं अपील त्याच बिल्डिंगमध्ये, दुसरं माहिती आयोगाच्या खंडपीठाकडं आणि ते तिथं पडून. तोपर्यंत मावशींचे भाऊ प्लॉट पाडून मोकळे.

खरं तर 2005 च्या त्याच कायद्याचं कलम 4 सांगतं की प्रत्येक कार्यालयानं आपल्या अभिलेखांची नीट वर्गवारी करून सूची ठेवायची. अर्जबिर्ज काही न करता, आपणहून. त्याच वर्षीचा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम तर सरकारी कागद गहाळ करणं हा गुन्हाच धरतो, 5 वर्षांपर्यंत कैद. आमच्या भागात कागद गहाळ झाले म्हणून कुणावर गुन्हा दाखल झाल्याचं निदान माझ्या तरी ऐकण्यात नाही. कागद मात्र गहाळ होत राहतात, आणि नेमके वादातल्या जमिनीचेच होतात, हा योगायोग मला कधी कळलेला नाही.

अजून एक. 2018 ला सरकारनंच परिपत्रक काढलं होतं की दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना रेकॉर्ड बघू द्यायचं, अर्जांचा ढीग कमी व्हावा म्हणून. मस्त निर्णय. मी त्याची प्रिंट घेऊन गेलो तर समोरच्या साहेबांनी ती उलटीपालटी करून बघितली आणि मलाच विचारलं, हे कुठून आणलं? चेष्टा नव्हती, त्यांना खरंच माहीत नव्हतं.

तर मागणं काही मोठं नाही. सगळं स्कॅन करा असंही म्हणत नाही, ते होईल तेव्हा होईल. प्रत्येक तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये गाववार काय आहे आणि काय नाही, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत आहे, कुठला रुमाल जीर्ण झालाय, याची साधी यादी करून तहसीलच्या भिंतीवर आणि वेबसाइटवर लावा. "नाही" असं लिहिलं तरी चालेल साहेब, निदान माणूस दुसरीकडं शोधायला मोकळा होतो, आणि आज "आहे" म्हणून लिहिलेला कागद उद्या गायब झाला तर कुणाला विचारायचं तेही ठरतं. दुसरं, "आढळून येत नाही" असं उत्तर देणाऱ्यानं कुठं शोधलं, कधी शोधलं आणि शोधणाऱ्याचं नाव काय, हे त्याच कागदावर लिहायचं, आणि अपिलातही कागद मिळाला नाही तर गुन्ह्याची फिर्याद कार्यालयानंच द्यायची. तिसरं, सोमवारचा बोर्ड तहसीलच्या दारात लावा, मोठ्या अक्षरात.

यातल्या कशालाच नवीन कायदा लागत नाही, रेकॉर्डला एका माणसाऐवजी दोन लागतील एवढंच, आणि ते द्याच, कारण आज एकच माणूस नकला पण काढतो, निवडणुकीचं काम पण करतो आणि आमच्या शिव्या पण खातो. यादीची सुरुवात कुठून करायची असा प्रश्न पडला तर फेरफार नोंदवहीपासून करा, आणि मराठवाड्यात त्याच्या जोडीला खासरा पत्रक घ्या. माझ्याकडं येणारे बहुतेक अर्ज याच दोन कागदांचे असतात.

आपला,
तालुक्याला अर्ज लिहून देणारा एक जण